दर बुधवारी फोटो बंद: एअरटेबल आणि ड्राइव्हची जोडणी पुन्हा पुन्हा का तुटते

नाशिकचा बुधवारचा बाजार गोदाकाठी भरतो. गेल्या हंगामात तो आमच्या पॅकहाउसमध्येही भरायला लागला होता. बुधवार उजाडला, साडेनऊ वाजले की अकाउंटच्या मॅडमचा फोन ठरलेला. "दादा, फोटो परत बंद पडले ओ." मी लॅपटॉप उघडायचो, गूगलचं लॉगिन नव्याने करायचो, 'अलाउ' दाबायचो, की फोटो सुरू. पाच मिनिटांचं काम. पाच मिनिटांत होतंय म्हणूनच पाच आठवडे मी त्याच्या मुळाशी गेलो नाही, हेही कबूल करतो.

एअरटेबलसारख्या ऑनलाइन डेटाबेसला गूगल ड्राइव्हसारखं बाहेरचं क्लाउड स्टोरेज जोडणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला हे दुखणं कधी ना कधी येतं. जोडलं की चालतं, काही दिवसांनी तुटतं, परत जोडलं की परत चालतं. पाच-सहा वेगवेगळ्या कारणांची लक्षणं बाहेरून सारखीच दिसतात, त्यामुळे माणूस दर वेळी तोच उपाय करत बसतो. मला यातून एक खूण सापडली. तुटलं की आधी एरर वाचू नका, आधी मोजा, की जोडल्यापासून किती वेळाने तुटलं. एक तास, दोन तास, चार तास, सात दिवस, सहा महिने: प्रत्येक आकड्यामागे वेगळं कारण आहे.

आधी आमची मांडणी सांगतो. दिंडोरी रस्त्याला द्राक्षाचं पॅकहाउस, माल निर्यातीचा. शंभरावर प्लॉट. त्यांची सरकारी नोंदणी ग्रेपनेटवर होते, ती वेगळी. आमची घरची वही एअरटेबलवर आहे: प्लॉट नंबर, वाण, गोडी छाटणीची तारीख, फवारण्या, रेसिड्यू रिपोर्ट (औषधांच्या उरलेल्या अंशांचा) आला की नाही. फाइली मात्र गूगल ड्राइव्हवर. फील्डवरची पोरं मोबाइलवरून बागेचे फोटो, सातबारा, लॅबची पीडीएफ असं सगळं ड्राइव्हच्या फोल्डरात टाकतात. मधला दुवा म्हणजे मी लिहिलेली एक छोटी स्क्रिप्ट. ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर ती दर पंधरा मिनिटांनी चालते, ड्राइव्हमध्ये नवीन काय आलंय ते बघते आणि एअरटेबलमधल्या त्या प्लॉटच्या ओळीला जोडते.

फाइली थेट एअरटेबलमध्येच का नाही ठेवल्या? फुकटच्या प्लॅनवर एका बेसला, म्हणजे एका डेटाबेसला, १ जीबी अटॅचमेंट मिळतात. फोनचा एक फोटो चार एमबीचा धरला तर अडीचशे फोटोंत डबा भरला. म्हणून मूळ फाइल ड्राइव्हवर, ओळीत तिचा पत्ता, आणि नजरेला दिसायला एक बारीक केलेली प्रत.

सात दिवसांनी तुटतं

आधी संशय नेटवर गेला. मग राउटरवर. मालकांचा, म्हणजे अण्णांचा, ठाम समज की इन्व्हर्टरवरून लाइट येताना झटका बसतो आणि "ते तुमचं ड्राइव्ह हँग होतं." एका पोराने तर गूगलचे सर्व्हर बुधवारी धुवायला काढतात असं छातीठोकपणे सांगितलं.

उलगडा केला तो कालनिर्णयने. मॅडमच्या खुर्चीमागे ते लटकलेलं असतं, आणि त्यांना चौकोनात नोंदी करायची सवय आहे. सिलिंडर कधी लावला, मजुरांना उचल कधी दिली, पाण्याचा टँकर कधी आला. एका दुपारी चहा घेताना माझं लक्ष गेलं: ओळीने पाच बुधवारी लाल पेनाने "फो.बं." असं लिहिलेलं. फोटो बंद. आणि सहावं "फो.बं." शुक्रवारी.

शुक्रवारी का? पाचव्या बुधवारी मी मालेगावला लग्नाला होतो. फोन आला, पण लॅपटॉप जवळ नव्हता. परत येऊन 'अलाउ' दाबलं ते शुक्रवारी सकाळी. पुढच्या आठवड्यात बुधवार निर्धोक गेला आणि शुक्रवारी तुटलं. म्हणजे दोष बुधवारचा नव्हताच. मी ज्या दिवशी 'अलाउ' दाबतो, तिथून सात दिवस मोजले जात होते. आधीचे पाच बुधवार मी माझ्या हातानेच ठरवले होते.

मग स्क्रिप्टचा लॉग, म्हणजे तिची नोंदवही, उघडला. तिथे पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं: 'इनव्हॅलिड ग्रँट', आणि पुढे 'टोकन हॅज बीन एक्स्पायर्ड ऑर रिव्होक्ड'.

यातला खेळ असा. गूगल आपल्याला दोन टोकन देतं. ॲक्सेस टोकन म्हणजे मार्केट यार्डाच्या गेटवरची पावती, तासाभराची. रिफ्रेश टोकन म्हणजे व्यापाऱ्याचं लायसन: ते दाखवलं की तासाभराने नवी पावती मिळते, माणसाला परत रांगेत उभं राहावं लागत नाही. स्क्रिप्ट चोवीस तास चालते ती या लायसनच्या जोरावर. पण गूगल क्लाउड कन्सोलमध्ये (आपली स्क्रिप्ट गूगलकडे 'ॲप' म्हणून नोंदवायची जागा) तुमचं ॲप 'टेस्टिंग' अवस्थेत असेल आणि वापरकर्ते 'एक्स्टर्नल' असतील, तर हे लायसनच सात दिवसांचं मिळतं. फक्त नाव, ईमेल, प्रोफाइल एवढंच मागणाऱ्या ॲपला ही अट नाही. ड्राइव्ह मागितलं की आहे. गूगलच्या कागदपत्रांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. मी वाचलं नव्हतं, ती चूक माझी.

उपाय: कन्सोलमध्ये गूगल ऑथ प्लॅटफॉर्म, त्यात 'ऑडियन्स', तिथे 'पब्लिश ॲप'. जुन्या लेखांत याच जागेला 'ओऑथ कन्सेंट स्क्रीन' म्हटलेलं सापडेल, मेनू बदलला आहे. अवस्था 'इन प्रॉडक्शन' झाली पाहिजे. संस्थेकडे गूगल वर्कस्पेस असेल आणि प्रोजेक्ट त्याच संस्थेखाली असेल तर त्याहून सोपं: वापरकर्ते 'इंटरनल' करा, सात दिवसांची भानगडच मिटते.

पब्लिश दाबताना हात थरथरतो, कारण व्हेरिफिकेशनची मोठी पाटी समोर येते. घाबरू नका. स्वतःच्या ओळखीतले, शंभराच्या आतले वापरकर्ते असतील तर व्हेरिफिकेशन न करताही चालतं. फक्त लॉगिनच्या वेळी 'गूगलने हे ॲप तपासलेलं नाही' असा इशारा दिसतो. ॲप आपलंच आहे हे माहीत असलं की 'ॲडव्हान्स्ड' दाबून पुढे जायचं. दुसऱ्या कोणाच्या ॲपला हाच इशारा दिसला तर मात्र परत फिरा.

पब्लिश केल्यावर मी हात झटकून घरी गेलो आणि सातव्या दिवशी परत तुटलं. कारण टेस्टिंगमध्ये असताना मिळालेलं टोकन सातव्या दिवशी मरायचं ते मरतंच. पब्लिश केल्यानंतर एकदा नव्याने लॉगिन करून नवं टोकन घ्यावं लागतं.

जे एन-एट-एन (वेगवेगळ्या सेवा जोडणारं ऑटोमेशनचं साधन) स्वतःच्या सर्व्हरवर चालवतात, त्यांनाही गूगलसाठी आपलं ॲप स्वतः बनवावं लागतं, त्यामुळे त्यांचंही दुखणं हेच. तयार कनेक्टर वापरणाऱ्यांना हा त्रास होत नाही, त्यांचं ॲप आधीच पडताळलेलं असतं.

तासाभराने तुटतं

नवं लॉगिन केलं, फोटो आले, मी दुचाकीवरून मुंबई नाक्यापर्यंत पोचलो आणि फोन वाजला. बंद.

एक तास हा ॲक्सेस टोकनचा आकडा. म्हणजे पावती मिळाली, लायसन मिळालंच नाही. गूगल रिफ्रेश टोकन पहिल्या परवानगीच्या वेळीच देतं. तुम्ही आधी एकदा परवानगी दिलेली असेल तर दुसऱ्यांदा 'अलाउ' दाबल्यावर नुसतं ॲक्सेस टोकन हातात पडू शकतं. स्क्रिप्ट खूश, तासभर चालते, मग गप्प. लॉगिनच्या विनंतीत दोन गोष्टी असायला हव्यात: 'ॲक्सेस टाइप' ऑफलाइन आणि 'प्रॉम्प्ट' कन्सेंट. नाहीतर गूगल खात्याच्या सुरक्षेच्या पानावर जाऊन ॲपची जुनी परवानगी काढून टाका आणि नव्याने द्या. टोकन आल्यावर फाइल उघडून रिफ्रेश टोकनची ओळ खरंच भरली आहे का, हे डोळ्यांनी बघा. मी आता बघितल्याशिवाय खुर्ची सोडत नाही.

आणखी एक सवय मोडायला हवी, ती म्हणजे काही बिघडलं की 'अलाउ' दाबत सुटायची. एका खात्याला एका ॲपसाठी शंभर रिफ्रेश टोकन मिळतात. एकशे एकावं घेतलं की सगळ्यात जुनं न सांगता रद्द होतं. चाचणी करताना पन्नास वेळा लॉगिन करणाऱ्याला शंभर फार लांब नसतात.

सहा महिन्यांनी तुटतं

हे खास आपल्याकडचं म्हणायला हरकत नाही. द्राक्षाचा हंगाम एप्रिलला आटोपतो. खरड छाटणी झाली की फोटो कोणी टाकत नाही, पॅकहाउसचा कॉम्प्युटर बंद करून त्यावर चादर टाकतात. नोव्हेंबरात चादर काढली की जोडणी मेलेली. सहा महिने न वापरलेलं रिफ्रेश टोकन गूगल बाद करतं, आणि आपला पडीक काळ नेमका तेवढाच. उपाय सोपा: हंगाम नसला तरी स्क्रिप्टने आठवड्यातून एकदा ड्राइव्हला हाक मारायची, एका फाइलचं नाव विचारायचं, बस. त्यासाठी कॉम्प्युटर मात्र चालू हवा. आमचं हे काम मी माझ्या घरच्या मशिनवर हलवलं आहे.

दोन तासांनी लिंक मरते

इथे जोडणी ठीक असते, मरते ती फाइलची लिंक. मुंबईचा एक एजंट आमच्याकडून कंटेनरची कागदपत्रं मागवायचा. मॅडम एअरटेबलमधल्या अटॅचमेंटवर जाऊन पत्ता कॉपी करायच्या आणि व्हॉट्सॲपवर पाठवायच्या. त्यांनी इथे दहाला उघडून बघितलेली लिंक त्याने जेवण करून अडीचला उघडली तर मेलेली. मॅडम म्हणणार उघडते, तो म्हणणार उघडत नाही, आणि दोघंही खरं बोलतायत.

नोव्हेंबर २०२२ पासून एअरटेबलच्या अटॅचमेंटचे पत्ते कायमचे राहिलेले नाहीत. एपीआयमधून, म्हणजे स्क्रिप्टसारख्या प्रोग्रॅमना डेटा देणाऱ्या दारातून, मिळालेला पत्ता साधारण दोन तासांत विझतो. सुरक्षेच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. तेव्हा तो पत्ता कुठल्याही तक्त्यात, मेलमध्ये, वेबसाइटवर साठवायचा नाही. बाहेरच्याला द्यायची असेल तर ड्राइव्हची लिंक द्या, आणि तीही त्या माणसाच्या ईमेलपुरती. स्क्रिप्टला हवी असेल तर दर वेळी ओळ नव्याने वाचा, पत्ता ताजा मिळतो.

उलट्या दिशेलाही एक अडचण आहे. ड्राइव्हमधली फाइल एअरटेबलला द्यायची तर बरेच जण ड्राइव्हची 'शेअर' लिंक चिकटवतात. ती लिंक फाइलची नसते, फाइल दाखवणाऱ्या पानाची असते. एअरटेबल इमानदारीने ते पान उतरवून घेतं आणि फोटोऐवजी वेबपानाची फाइल पदरात पडते. थेट डाउनलोडची लिंक दिली तरी ती फाइल 'लिंक असलेल्या कोणालाही' उघडी करावी लागते. बागेच्या फोटोला चालेल. पण त्याच फोल्डरात शेतकऱ्यांचे आधार आणि बँकेचं पासबुक असतं, आणि मी एका रात्रीसाठी अख्खा फोल्डर उघडा करून बसलो होतो. तसं करू नका. एअरटेबलच्या एपीआयला आता फाइल थेट चढवण्याची सोय आहे, मर्यादा ५ एमबी. फोटो आधी बारीक करा, मग चढवा, ड्राइव्ह कोणालाही उघडं करायची गरज पडत नाही.

जाता जाता: कोणी जुना व्हिडिओ बघून एअरटेबलची 'एपीआय की' शोधत असेल तर थांबा. ती १ फेब्रुवारी २०२४ ला बंद झाली. आता पर्सनल ॲक्सेस टोकन लागतं, आणि ते बनवताना कोणत्या बेसला परवानगी द्यायची ते निवडावं लागतं. बेस निवडायचं राहिलं की टोकन खरं, पण दार उघडत नाही.

एरर नाही, फाइलही नाही

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो इथे. काही तुटत नव्हतं, लॉग हिरवागार, आणि काही प्लॉटचे कागद ओळीला लागतच नव्हते.

पहिलं कारण परवानगीच्या व्याप्तीचं. मी सुरुवातीला शहाणपणा करून ड्राइव्हची सगळ्यात लहान परवानगी मागितली होती, 'ड्राइव्ह डॉट फाइल'. तिच्यात ॲपने स्वतः बनवलेल्या किंवा वापरकर्त्याने निवडून दिलेल्या फाइलीच दिसतात. पोरांनी फोल्डरात टाकलेल्या फाइली दिसत नाहीत. यादी मागितली की रिकामी यादी, एरर काही नाही. अशा कामाला 'ड्राइव्ह डॉट रीडओन्ली' लागते.

दुसरं, फाइल आहे आणि तरी ४०४. परवानगी नसलेल्या फाइलबद्दल ड्राइव्हचा एपीआय 'परवानगी नाही' असं म्हणत नाही, 'सापडली नाही' म्हणतो. त्यामुळे माणूस फाइल शोधत बसतो. आमच्याकडे निम्मे फोल्डर एका फील्ड ऑफिसरच्या खाजगी जीमेलवर होते. तो नोकरी सोडून गेला, जाताना त्याने शेअरिंग काढलं, त्यात त्याचं काही चुकलं नाही. फोल्डर पहिल्या दिवसापासून पॅकहाउसच्या खात्यावर हवे होते. वर्कस्पेसचं शेअर्ड ड्राइव्ह वापरत असाल तर एपीआयच्या विनंतीत 'सपोर्ट्स ऑल ड्राइव्ह्ज' आणि यादी मागताना 'इन्क्लूड आयटम्स फ्रॉम ऑल ड्राइव्ह्ज' हे दोन्ही चालू करावे लागतात. नाहीतर तिथेही ४०४ किंवा रिकामी यादी.

तिसरं कारण मला कुठल्याही इंग्रजी लेखात सापडलं नसतं, कारण ते आपल्या 'ऱ'मध्ये आहे. ड्राइव्हवर फोल्डर 'शेतकऱ्यांचे कागद'. एअरटेबलमध्ये नाव 'शेतकऱ्यांचे कागद'. स्क्रिप्ट म्हणते दोन्ही वेगळे. मी अक्षर न् अक्षर मिळवून पाहिलं, मॅडमकडून वाचून घेतलं, फॉन्ट बदलला. शेवटी दोन्हीकडच्या पहिल्या शब्दाची लांबी छापून बघितली. एका शब्दाची लांबी ११ आली, दुसऱ्याची १२.

'ऱ्या' टाइप करायच्या तीन तऱ्हा आहेत. कोणाच्या कीबोर्डवर 'ऱ' हे एकच चिन्ह उमटतं. कोणाच्या 'र' आणि खाली नुक्ता अशी दोन. आणि बऱ्याच कीबोर्डांवर 'र', हलन्त आणि मधे एक अदृश्य जोडचिन्ह, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात. पडद्यावर तिन्ही एकसारखे. कॉम्प्युटरच्या लेखी तीन वेगळे शब्द. शेतकऱ्यांचे, दुसऱ्या डिपिंगनंतर, व्यापाऱ्याची पावती: द्राक्षाच्या फाइलींत 'ऱ' शोधायला लागत नाही.

पहिल्या दोन तऱ्हा युनिकोडच्या एनएफसी या प्रमाण रूपात आणल्या की एक होतात, जवळपास प्रत्येक प्रोग्रॅमिंग भाषेत त्याची तयार सोय असते. तिसरी त्याने सुटत नाही. तिथे 'र, हलन्त, झेडडब्ल्यूजे' दिसलं की 'ऱ, हलन्त' करा, असं वेगळं सांगावं लागतं. आणि खबरदार, नेटवरच्या 'मजकूर साफ करणाऱ्या' तयार तुकड्यांत अदृश्य चिन्हं सरसकट पुसलेली असतात. झेडडब्ल्यूजे पुसलं की ऱ्य जाऊन रफार येतो. जेवणाचा निरोप आचाऱ्यांना पाठवायचा होता तो आचार्यांना जातो.

हे सगळं निस्तरल्यावर मी नावाने जुळवणंच सोडलं. ड्राइव्हमधल्या प्रत्येक फाइल-फोल्डरला एक आयडी असतो. नाव बदला, फोल्डर हलवा, आयडी तोच राहतो. शिवाय ड्राइव्ह एकाच फोल्डरात एकाच नावाच्या दोन फाइली खुशाल ठेवू देतं, म्हणजे नावाचा भरवसा तसाही नव्हताच. आता एअरटेबलच्या ओळीत फोल्डरचा आयडी आहे. नाव माणसांना वाचायला.

पहाटेच्या फोटोवर कालची तारीख

डिसेंबरात निफाडकडे पारा उतरला की बागेत शेकोट्या पेटतात आणि आमची पोरं पहाटे पाचला थर्मामीटरचा फोटो टाकतात. एअरटेबलमध्ये त्या फोटोवर आदल्या दिवसाची तारीख. अण्णा भडकले. त्यांना वाटलं पोरं कालचेच फोटो टाकून झोपतात. पोरं बिचारी थंडीत उभी होती.

ड्राइव्ह वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, देतं, आपण साडेपाच तास पुढे. पहाटे साडेपाचच्या आत चढलेली प्रत्येक फाइल यूटीसीच्या हिशेबाने कालची. तारीख कापून घेण्याआधी वेळ भारतीय करा. त्यातही ड्राइव्हची 'क्रिएटेड' वेळ ही फाइल चढवल्याची असते, फोटो काढल्याची नाही. शिवारात रेंज नसली तर फोटो संध्याकाळी चढतो. फोटो काढल्याची वेळ चित्राच्या आतल्या माहितीत असते, पण तोच फोटो व्हॉट्सॲपवरून फिरून आला असेल तर ती माहिती पुसली गेलेली असते. पोरांना सांगून ठेवलं आहे: कॅमेऱ्यातून थेट ड्राइव्ह, मधे व्हॉट्सॲप नको. निम्मी ऐकतात.

बाकीचं थोडक्यात

काढणीच्या ऐन दिवसांत शेकडो फोटो एकदम आले की ४२९ ही एरर. एअरटेबल एका बेसला सेकंदाला पाच विनंत्या घेतं. ओलांडल्या तर तीस सेकंद थांबावं लागतं. एका विनंतीत दहा ओळी बदलता येतात, म्हणून दहा-दहाचे गठ्ठे करा.

ड्रॉपबॉक्सवाल्यांचं चार तासांनी तुटतं. सप्टेंबर २०२१ च्या अखेरपासून तिथे जुनी कायमची टोकन मिळेनाशी झाली. रिफ्रेश टोकन मागून घ्यावं लागतं, तिथेही 'ऑफलाइन' हाच शब्द. ड्रॉपबॉक्सच्या शेअर लिंकच्या शेवटी 'डीएल' बरोबर शून्य असतं, त्याचा एक केला की पानाऐवजी फाइल येते.

ॲमेझॉनच्या एसथ्री स्टोरेजवर सही केलेली (म्हणजे मुदतीची) लिंक जास्तीत जास्त सात दिवसांची करता येते. हे सात दिवस आणि वरचे गूगलचे सात दिवस यांचा एकमेकांशी संबंध नाही. तिथे लिंक मरते, जोडणी शाबूत राहते. आणि लिंक तात्पुरत्या किल्लीने सही केलेली असेल तर किल्लीबरोबर ती आधीच मरते, तुम्ही सात दिवस लिहिलेले असले तरी.

आज कोऱ्या पाटीवर सुरुवात केली तर मी लॉगिनच्या वाटेने जाणार नाही. नुसतं वाचायचं असेल तर गूगलचं सर्व्हिस अकाउंट (माणसाऐवजी प्रोग्रॅमसाठीचं खातं) बनवायचं आणि त्याच्या ईमेलला फोल्डर शेअर करायचं. ना 'अलाउ', ना रिफ्रेश टोकन. सातपूरला एका मित्राच्या वर्कशॉपमध्ये ड्रॉइंगच्या पीडीएफसाठी तसंच केलं आहे. दोन अटी: त्याची किल्लीची फाइल कोणाच्या हाती लागू द्यायची नाही, आणि त्याच्याकडून साध्या ड्राइव्हवर फाइली चढवायला जाऊ नका. त्याला स्वतःची जागा नसते, 'कोटा संपला' म्हणून परत पाठवतं, आणि तुम्ही आपल्या १५ जीबीत काय भरलंय ते शोधत बसता.

पॅकहाउसची जोडणी जुन्याच वाटेने चालू आहे, हंगामात तिला हात लावायला अण्णा परवानगी देत नाहीत. टोकन कधी घेतलं ती तारीख मी आता मॅडमच्या कालनिर्णयवर लिहून येतो, सिलिंडरच्या नोंदीशेजारी. लाल पेन त्या मला देत नाहीत, निळ्याने लिहितो.